चार खाचांची तबकडी

पंप बंद पडला तेव्हा बाबा अंगणात दाढी करत होते. आरसा आंब्याच्या खोडाला खिळ्याने टांगलेला होता, पण ते त्याच्याकडे पाठ करून उभे होते. वस्तरा गालावरून खाली यायचा आणि त्याच्यामागून दुसऱ्या हाताचं बोट राहिलेले खुंट शोधत यायचं.

चालू पंपाचा आवाज आमच्या वस्तीत कुणी ऐकत नसे. तो थांबला की मात्र सगळ्यांना ऐकू येई. आधी जोराचं खट् झालं, मग मोटर मोकळीच भणभणत राहिली, मग कुणीतरी बटण बंद केलं.

"शाफ्ट तुटला," बाबा म्हणाले आणि वस्तरा हनुवटीखाली नेला.

"इथं उभ्या उभ्या कळलं तुला?" आई रताळी सोलत बसली होती. "मग म्हाताऱ्या, पाणी कधी येईल तेही सांगून टाक."

आमच्या हाग्वेयालचा साखर कारखाना मोडून भंगारात गेला, त्यानंतर धुराडं तेवढं उभं राहिलं. उसाच्या जमिनीत माराबूचं काटेरी रान माजलं. त्यातला एक तुकडा तोडून शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने काळा घेवडा लावला होता. फेब्रुवारी चालू होता. मे महिन्यापर्यंत आभाळाकडे बघायचं काही कारण नव्हतं. घेवडा फुलावर आला होता. शेताला आणि वस्तीच्या टाकीला पाणी त्या एकाच विहिरीचं.

दुपारी उबाल्दो तुटलेला शाफ्ट पोत्यात गुंडाळून घेऊन आला. तो आता संस्थेचा अध्यक्ष होता. कारखान्यात असताना तो बाबांच्या हाताखाली यंत्रांना तेल घालायचा, म्हणून अजूनही त्यांना मिस्त्रीच म्हणायचा.

"मिस्त्री, हे बघा. चाकाच्या बाजूलाच मोडलाय."

बाबांनी तुकडा हातात घेतला. पाण्याचं चाक ज्या टोकावर आट्यांनी बसतं तिथंच तो गेला होता. टोकावर जेमतेम चार-पाच आटे शिल्लक होते, तेही गंजून बोथट झालेले. त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. ते एक नख ते वाढवलेलं ठेवत. आई दर रविवारी त्यांची नखं कापायची आणि ते सोडून द्यायची. नख आट्यांवरून एकदा गेलं, थांबलं, पुन्हा गेलं.

"होईल?" उबाल्दोने विचारलं.

"होईल."

"नीट होईल ना? मागच्या वेळी तुम्ही केलेल्या बुशात शाफ्ट असा लटपटत होता, आमच्या आजोबांचा दातच."

"तुझ्या आजोबांना दात कधी होते रे?" आई म्हणाली. "मी तर त्यांना पाव कॉफीत बुडवतानाच बघितलंय."

उबाल्दो हसला. पण खुर्ची पुढे केली तरी बसला नाही, तेव्हाच मला कळलं की आणखी काहीतरी आहे.

"तालुक्याच्या वर्कशॉपवाल्यांनी पुन्हा विचारलंय," तो म्हणाला. "त्यांच्याकडे टर्नर आहे, लेथ नाही. इथं लेथ आहे..."

"आणि?"

"आणि तुम्ही आहात, असं मी सांगत आलोय. शनिवारी त्यांचा ट्रक येतोय. विहिरीवर पाणी दिसलं तर मी तोंड वर करून सांगेन, बाबांनो रिकामे जा. नाही दिसलं तर मी काय सांगू ते तुम्हीच सांगा, मिस्त्री."

बाबांनी मान हलवली. ते उबाल्दोच्या तोंडाकडे न बघता त्याच्या खांद्यापलीकडे बघत होते. लोकांना वाटायचं, म्हातारा तुसडा झालाय.

आता ते नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही. बाबांना समोरचं दिसत नव्हतं. नजरेच्या कडा शाबूत होत्या. चालताना ते कशाला धडकत नसत, कोंबडी पायात आली तर ओलांडून जात. पण ज्या गोष्टीकडे बघावं नेमकी तीच पुसली जायची. माझ्याकडे बघायचं असलं की ते दाराच्या चौकटीकडे बघत. मला हे मागच्या पावसाळ्यात कळलं. शाळेत शिकवून घरी आले, तर ते माप घ्यायचा व्हर्निअर डोळ्यापाशी धरून एका बाजूला मान वळवत होते, आणि हळू आवाजात त्या व्हर्निअरला शिव्या देत होते. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की शेडमध्ये जाऊन बसायला लागले. माप वाचून दाखवायचे, तेही असं, की जणू माझं मलाच वाचायचंय. आईला आम्ही सांगितलं नव्हतं.

तो लेथ, लोखंड फिरवत कापायचं यंत्र, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. क्रांतीच्या आधीचा, अमेरिकन. कारखाना मोडायला माणसं आली तेव्हा बाबांनी त्याचे बोल्ट स्वतः काढले होते आणि ओंडक्यांवर घालून बैलांकरवी तो घरी ओढून आणला होता. कागदावर तो संस्थेचा होता. पण बाबांना विचारलं, काय करता, तर त्यांचं उत्तर तो लेथ होता. दुसरं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं.

त्यात लेथच्या मोटरचीही अडचण होती. आटे एका फेरीत पडत नाहीत. कापणारं टूल त्याच खाचेतून पुन्हा पुन्हा, दर वेळी केसभर खोल न्यावं लागतं. लेथच्या पुढच्या अंगाला एक लांब स्क्रू फिरत असतो. दांडी खाली दाबली की टूल धरणाऱ्या कॅरेजचा जबडा तो स्क्रू पकडतो आणि टूल जॉबवरून, म्हणजे कापायच्या लोखंडावरून, सरकत जातं. शेवटाला पोचलं की टूल मागं घ्यायचं आणि पुन्हा सुरुवातीला यायचं. मोटर उलटी फिरत असेल तर जबडा न सोडताच परत येता येतं. आमच्या मोटरचं उलटं बटण जळलं होतं आणि दुसरं कुठं मिळत नव्हतं. म्हणजे जबडा सोडायचा, कॅरेज हाताने मागं आणायची आणि नेमक्या क्षणी स्क्रू पुन्हा पकडायचा. तो क्षण हुकला की टूल दोन आट्यांच्या मधे उतरतं, आणि जॉब गेला.

पूर्वी बाबा खडूने भागवायचे. जॉब पकडणाऱ्या चकवर एक रेघ, स्क्रूच्या टोकावर एक. दोन्ही एकदम वर आल्या की दांडी दाबायची. आता त्या रेघाच त्यांना दिसत नव्हत्या.

"तू बघ आणि सांग," ते म्हणाले.

भंगारातली एक कांब लावली. मी रेघांवर डोळे रोखले. "आत्ता!" म्हटलं. माझा शब्द त्यांच्या कानात जाऊन हातात उतरेपर्यंत रेघा पुढे गेल्या होत्या. टूल आट्याच्या डोक्यावर बसलं आणि लोखंड किंचाळलं. मग मी जरा आधी ओरडायला लागले. एकदा जमलं, दोनदा चुकलं.

"मीच दाबते दांडी," मी म्हटलं.

त्यांनी मला आपल्या जागी उभं केलं. उजवा हात दांडीवर, डावा टूल मागं घ्यायच्या चाकावर. मी दांडी बरोबर दाबली, पण शेवटाला टूल मागं घ्यायला उशीर झाला. टूलचं टोक मोडून माझ्या गळ्याजवळून गेलं. बाबांनी पट्टा बंद केला आणि माझा गळा, मग गाल, मग डोळे चाचपून बघितले.

"राहू दे," ते म्हणाले. "हे हात तयार व्हायला वर्ष जातं."

बराच वेळ ते कॅरेजवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांची बोटं कॅरेजच्या उजव्या कडेला, स्क्रूच्या अगदी वर, एका जागी घुटमळली. तिथं दोन भोकं होती, जुन्या ग्रीसने बुजलेली.

"याला तबकडी होती," ते म्हणाले. "इथंच. मला हा मिळाला तेव्हाच कुणीतरी काढून नेली होती. मोठ्या वर्कशॉपमधल्या लेथला मी बघितलीय. खाली एक दातेरी चाक, स्क्रूत अडकलेलं. स्क्रू फिरला की ते फिरतं, आणि वर घड्याळासारखी तबकडी. ठरलेली खूण आली की दांडी दाबायची. खडू नको, काही नको."

"पण बाबा, ती खूण तरी..."

"बघायची कशाला?" ते म्हणाले. "ती सावकाश फिरते. खोल खाचा पाडू. बोट ठेवलं की कळेल."

त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात घाई आली.

चाकासाठी कारखान्याच्या चरकाच्या बेअरिंगचा एक तुकडा होता, गनमेटलचा. सकाळी थोडा वेळ लाइट यायची तेवढ्यात बाबांनी तो गोल उतरवून घेतला. साधं उतरवणं त्यांना जमत होतं. कॅलिपरचे पाय जॉबवरून कसे घासत जातात यावरून त्यांना माप कळायचं. दात मात्र मला पाडायचे होते. स्क्रूच्या आट्यांत बसतील असे बत्तीस दात.

"बत्तीस सारखे भाग कसे करू?"

"शाळेत काय शिकवतेस? कागदाची पट्टी चाकाभोवती गुंडाळ, जोडावर काप. मग मधोमध दुमड. पुन्हा दुमड. पाच वेळा."

मी दुमडली. उलगडली तर बत्तीस घरं होती. ती पट्टी खळीने चाकावर चिकटवली आणि प्रत्येक घडीवर कानस चालवायला लागले. लाइट गेली होती. शेडचा पत्रा तापून वास येत होता. बाबा माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसले होते.

"सरळ नको. जरा तिरपं. स्क्रू चढत येतो ना, दातही तसाच कलता पाहिजे. हां. आता दाबू नको, कानसच खाऊ दे."

पितळी भुगा माझ्या नखांत, भुवयांत, ओठांवर बसला. बोटं सुजली. घरात पाणी नव्हतं; बैलगाडीवरची टाकी दुपारी यायची आणि माणशी एक बादली द्यायची. आई रांगेत उभी राहून यायची आणि तिथलं सगळं ऐकवायची.

"शेजारची काचा म्हणत होती, मिस्त्री काय दागिने घडवतायत का? म्हटलं हो, तुझ्या नाकात घालायला."

"दागिनाच आहे," बाबा म्हणाले.

"पाणी येईल का त्या दागिन्यातून?"

आईने कॉफीचा कप त्यांच्या डाव्या हाताशी, खिळपेटीच्या कोपऱ्यावर ठेवला आणि हात पुसत निघून गेली.

चाक झालं. तेलात बारीक वाळू कालवून ते स्क्रूवर धरलं आणि बराच वेळ फिरवत ठेवलं, म्हणजे दात आपसात घासून बसतील. वरच्या तबकडीला बाबांनी स्वतः खाचा पाडल्या. चार. एक इतकी खोल की तिच्यात नख उभं राहील, बाकीच्या तीन उथळ. बाजूच्या पट्टीवर एक न हलणारी खाच. बुजलेल्या भोकांतलं ग्रीस मी काडीने काढलं. बोल्ट गेले, तेही मूळचे असल्यासारखे.

गुरुवारी सकाळी लाइट आली. भंगारातली कांब लावली. बाबांनी डावा अंगठा तबकडीवर ठेवला. ती त्यांच्या बोटाखाली सावकाश फिरत होती. खोल खाच न हलणाऱ्या खाचेसमोर आली आणि त्यांनी दांडी दाबली. तबकडी जागच्या जागी थांबली, कारण आता कॅरेजच स्क्रूबरोबर चालली होती. टूल खाचेतून गेलं. मागं आले, पुन्हा बोट, पुन्हा दांडी. त्याच खाचेत. पुन्हा. कुठंही लोखंड ओरडलं नाही. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे दाराच्या चौकटीकडे, बघितलं. त्यांच्या हनुवटीवर दाढीचे दोन-तीन पांढरे केस राहून गेले होते.

मग तुटलेल्या शाफ्टचं टोक पुन्हा हातात घेतलं. आटे किती बारीक ते ठरवायचं होतं. बाबांनी नख फिरवलं. पंपाचं धड लेथइतकंच जुनं, अमेरिकन. त्याचे आटे इंचात असणार. मोटर मात्र नंतर रशियन बोटीने आलेली. आटे मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातून त्यांनी चाचपून एक पातं काढलं.

"इंचाला दहा. बसतंय का बघ."

मी उजेडात धरलं. चार-पाचच आटे, तेही झिजलेले. पात्याचे दात त्यांत बसले.

"बसतंय."

"नीट बघितलंस?"

"बसतंय बाबा."

"दहाचेच," ते पटकन म्हणाले, आणि टोक माझ्या हातातून काढून घेतलं.

ट्रॅक्टरचा एक जुना आस आम्ही कधीपासून जपून ठेवला होता. तेवढंच एक चांगलं लोखंड घरात होतं. बाबांनी आधी फक्त टोक उतरवून आटे पाडले. बाकीचं माप जादाच ठेवलं. म्हणाले, चाक बसतंय हे बघू, मग पुढचं. ते आटे मी कापडाने पुसले तेव्हा उजेडात एकेक कड निळी दिसत होती. इतके सुरेख आटे त्यांच्या हातून कित्येक दिवसांत पडले नव्हते.

शुक्रवारी आम्ही तो घेऊन विहिरीवर गेलो. पाण्याच्या गाडीची रांग तिथंच होती, त्यामुळे बादल्या घेऊन अर्धी वस्ती जमली. उबाल्दोने पंपाचं चाक काढून ठेवलं होतं. बाबांनी ते दोन्ही हातांनी उचललं, टोकावर धरलं आणि फिरवलं. एक वळसा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला जड झालं. चौथ्याच्या अर्ध्यावर ते थांबलं.

"घाण असेल आत," उबाल्दो म्हणाला. "पाना आणतो."

"बळ लावू नको. ओतीव आहे, फुटेल." बाबांनी चाक उलटं फिरवून काढलं. त्याच्या आत अंगठा घातला. नख आतल्या आट्यांवरून गेलं. बाहेर आलं, शाफ्टवरच्या आट्यांवरून गेलं. पुन्हा आत. त्यांचा चेहरा मी बघत होते. त्यावर आश्चर्य नव्हतं.

"मिलिमीटर," ते म्हणाले. "अडीचचे. चाक रशियन आहे. कधीतरी बदललंय."

"म्हणजे?"

"म्हणजे जवळजवळ सारखेच. तीन वळशांपर्यंत."

रांगेतून काचाचा आवाज आला. "मिस्त्री, मग पाणी इंचात येणार की लिटरात?"

लोक हसले. फार नाही, पण हसले. एकाने म्हटलं, "अगं, त्यांनी नखाने मोजलं, डोळ्यांनी नाही." तो गमतीत बोलला होता. आईने हातातली रिकामी बादली खाली ठेवली. उबाल्दो मात्र हसला नाही. तो बाबांच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला, अगदी समोर. बाबा त्याच्या कानाकडे बघत राहिले.

"मिस्त्री," तो हळू आवाजात म्हणाला, "उद्या ट्रक येतोय."

"शनिवार म्हणालास. शनिवार संध्याकाळपर्यंत असतो," बाबा म्हणाले. "ते चाक माझ्याकडे दे."

चाक त्यांनी खांद्यावर घेतलं. मी घेते म्हटलं तर दिलं नाही. वाटेत पायाखालची माती इतकी कोरडी होती की पावलागणिक धुरळा उडत होता. बांधापलीकडे घेवड्याची फुलं गळून सऱ्यांत पडली होती, आणि ज्या काही शेंगा धरल्या होत्या त्या सापाच्या कातीसारख्या रिकाम्या दिसत होत्या.

घरी आल्यावर ते शेडच्या उंबऱ्यावर बसले. चाक पायांशी.

"तबकडी लावूनच करू ना पुन्हा," मी म्हटलं. "आता माप कळलंय."

"नाही होणार. स्क्रू इंचाचा आहे. मिलिमीटर कापताना ही तबकडी खोटं बोलते. खूण समोर येते, पण आटा आलेला नसतो." ते थांबले. "मिलिमीटरला जबडा सोडायचाच नसतो. पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत धरून ठेवायचा आणि मोटर उलटी फिरवत परत यायचं."

मोटर उलटी फिरत नव्हती. हे पुन्हा बोलून दाखवायची गरज नव्हती. मी त्या तबकडीकडे बघत राहिले. माझ्या बोटांची अजून मूठ वळत नव्हती.

आई दारात येऊन उभी राहिली होती. कधी आली, कळलं नाही.

"मोटर उलटी जात नसेल," ती म्हणाली, "माणूस जातो ना?"

बाबांनी मान वर केली.

"जीप चालू करायचा तो हँडल," ती म्हणाली. "कोंबड्यांच्या खुराड्याला अडकवलाय तो. लाव मागून आणि फिरवा हाताने. पुढं पण आणि मागं पण."

"एलपिदिया," बाबा म्हणाले, "तुला काय माहीत किती फिरवावं लागतं ते."

"कॉफी कोण दळतं या घरात?"

शनिवारी पहाटे लाइट होती. तेवढ्यात बाबांनी चुकलेलं टोक कापून टाकलं आणि जादा ठेवलेल्या लांबीतून शाफ्ट पुन्हा उतरवला. कॅलिपर, हात, कॅलिपर. मग ते फळीवरचं एकशे सत्तावीस दातांचं चाक काढायला उठले. रशियन यंत्रं यायला लागली तेव्हा कारखान्यातल्या प्रत्येक टर्नरने तसलं एक चाक करून घेतलं होतं. अमेरिकन लेथवर मिलिमीटर कापायचे तर त्याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. चाक बसवून होतंय तोच लाइट गेली. ती त्या सकाळी परत येणार नव्हती. पण आता तिची गरजही नव्हती.

जीपचा हँडल लाकडी खुंट्या ठोकून लेथच्या मागच्या तोंडात घट्ट केला. आई हँडलवर उभी राहिली. मी टूलच्या चाकावरचे आकडे वाचायला. बाबांनी दांडी दाबली.

"आता ही मी सोडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. फिरव."

आईने फिरवलं. लेथ कधी नव्हे इतका सावकाश फिरला. टूलने पहिली रेघ ओढली, नुसती ओरखड्यासारखी. टोकाला बाबा "थांब" म्हणाले, टूल मागं घेतलं. "उलटं." आईने उलटं फिरवलं. मी आकडा वाचला. ते केसभर आत गेले. "फिरव."

असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. आईचा झगा पाठीला चिकटला. ती थकली की आम्ही जागा बदलायचो. मग ती आकडे वाचायची, चष्मा नाकावर ओढून, शाळेतल्या मुलीसारखी मोठ्याने. हँडल वर येताना हलका वाटायचा आणि खाली जाताना टूल खात असल्याचं सगळं ओझं खांद्यात यायचं. माझ्या तळहातावरचे फोड फुटले आणि हँडल निसरडा झाला. आईने झग्याच्या चिंधीने तो बांधला. आटे खोल होत गेले तसं फिरवणं जड होत गेलं. शेवटी शेवटी आम्ही दोघी एकदम हँडलला लोंबकळत होतो.

"तुझ्या आजोबांना मी म्हटलं होतं, शेतकऱ्याशी लग्न करते," आई धापा टाकत म्हणाली. "ते म्हणाले, टर्नर कर, सावलीत बसून खाशील."

बाबा हसले नाहीत. त्यांचा डावा अंगठा सवयीने तबकडीवर जाऊन बसला होता. जबडा धरलेला असल्यामुळे ती हलत नव्हती. ती सगळा वेळ त्यांच्या बोटाखाली गप्प होती.

शाफ्ट लेथवर असतानाच पंपाचं चाक लावून बघितलं. तीन वळसे गेले. चौथा गेला. पाचवा. आई हँडल सोडून पुढं आली. चाक शेवटपर्यंत जाऊन शाफ्टच्या खांद्याला टेकलं. बाबांनी ते काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग दांडी वर केली आणि तिथंच, लेथच्या लोखंडी पायाला पाठ लावून खाली बसले.

शाफ्ट बसवून झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. विहिरीवर ट्रक येऊन उभा होता. वर्कशॉपचा माणूस पायरीवर बसून ऊस सोलत होता. लाइट यायची वाट बघत सगळे उभे होते. ती आली. मोटर घुमली. पाइपातून आधी वारा आला, मग लाल गढूळ थुंकी, मग पाणी. काचाने सगळ्यांत आधी बादली पुढं केली.

उबाल्दो चिखलातून बाबांकडे आला. तो खरंच आनंदला होता. "मिस्त्री, मी शब्द दिला होता. सांगतो त्याला, रिकामा जा."

"थांब," बाबा म्हणाले.

"काय झालं?"

"रिकामा नको पाठवू."

उबाल्दोला कळलं नाही. मलाही वाटलं, थकव्याने बोलतायत. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

"मला दिसत नाही, उबाल्दो. वर्ष होत आलं. तो तुझा लटपटणारा बुश त्यामुळंच. आज या दोघींनी फिरवलं, वाचलं, म्हणून झालं."

"मग या दोघी आहेतच की. होतंय ना काम!"

"नखाने मला सांगितलं होतं." ते अंगठ्याकडे नाही, पाण्याच्या आवाजाकडे तोंड करून बोलत होते. "पहिल्या दिवशीच सांगितलं, तू शाफ्ट आणलास तेव्हा. काहीतरी वेगळं आहे म्हणून. पण मिलिमीटर निघाले असते तर मला कापता आले नसते. म्हणून मी नखाकडून दहा वदवून घेतले. पोरीकडूनही वदवून घेतले. यापुढं प्रत्येक वेळी तेच होईल. मला जे जमतं तेच मला लागेल हाताला. उद्या कुणी थ्रेशरचा शाफ्ट आणेल, आणि तो फिरताना कुणाचा तरी हात त्यात असेल."

पाणी पडत होतं.

"म्हाताऱ्या," आई म्हणाली, "घरी जाऊन बोलू."

"तुला सांगायचं होतं, एलपिदिया."

"काय सांगायचं होतं? वर्षभर कप एकाच जागी कोण ठेवतंय?"

ट्रक आमच्या शेडला लागला तेव्हा बोल्ट बाबांनीच सोडवले. पाना लावायला त्यांना डोळे नको होते. वर्कशॉपचा माणूस तिशीतला होता, नम्र होता. लेथभोवती फिरताना त्याचा हात तबकडीवर गेला.

"ही तुम्ही बसवलीत, मिस्त्री? छान आहे. खाचा एवढ्या खोल का?"

बाबांनी त्याचा अंगठा धरला आणि खोल खाचेवर ठेवला. "माझ्यासाठी होत्या. तुला डोळे आहेत, तुला चालतील. फक्त इंचासाठी. अडीच, दीड, दोन, काहीही मिलिमीटर असलं की हिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ऐकलंस? कितीही बरोबर वाटली तरी."

"ऐकलं."

"मोटरला उलटं बटण लावून घे आधी."

ओंडके घातले, फळ्या लावल्या, आठ-दहा जणांनी ढकललं. ट्रक दबला. माराबूच्या रानातून तो गेला तेव्हा बराच वेळ त्याच्या फळक्यांचा आवाज येत राहिला. शेडमध्ये चार बोल्ट जमिनीतून वर आलेले होते आणि मधे तेलाने काळी झालेली जमीन.

आईने टाकीचं पाणी भरून आणलं होतं. पहिल्या पाण्याने तिने भात टाकला. मग घमेलं घेऊन अंगणात बाबांच्या खुर्चीसमोर बसली आणि त्यांचे हात त्यात बुडवले. गनमेटलचा भुगा, तेल, लोखंड. पाणी लगेच काळं झालं. उद्या रविवार होता. पण ती कात्री आजच घेऊन आली होती.

डाव्या हाताची नखं झाली. उजव्याची चार झाली. तिने कात्री खाली ठेवली आणि सवयीप्रमाणे त्यांचा हात त्यांच्या मांडीवर परत ठेवला.

त्यांनी तो पुन्हा पुढं केला.

"हेही काप," ते म्हणाले.

ते नख जाड झालं होतं, शिंगासारखं. कात्री त्यावरून घसरत होती. तिने त्यांचा अंगठा पुन्हा पाण्यात बुडवला आणि ते मऊ होईपर्यंत तसाच धरून बसली. विहिरीवर पंप चालू होता.